एक जूनची मुलगी

टॅम्पिनीस, सिंगापूर
६ ऑगस्ट २०१६

चि. स्नेहल,

जयभीम. पुढे आशीर्वाद लिहीत नाही, तू ते परत पाठवशील.

तुझ्या धम्मादादानं तुझा निरोप वाचून दाखवला. तुझी आई गेल्यापासून तीन वर्षांत तुझा मला हा पहिला निरोप. त्यात ना 'बाबा', ना 'कसे आहात'. सरळ हुकूम, की एका कागदावर दोन गोष्टी लिहून सहीनिशी पाठवा: माझी खरी जन्मतारीख, आणि खोटी कोणी लावली ते. २६ तारखेला चौकशी समितीपुढे सुनावणी आहे. बस्स. तहसीलची नोटीस बरी, तिच्यात निदान 'श्री.' तरी असतं.

रागावलो नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हातानं लिहितो. धम्मा पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. दोन निळ्या खुणा उमटल्या की तू वाचलंस असं समजायचं, असं तो म्हणाला. पोरांनी धडा वाचलाय की नाही हे ओळखायची इतकी सोपी युक्ती मला चौतीस वर्षांच्या नोकरीत सापडली नव्हती.

तुझं म्हणणं समजलं. मनोहर सरांनी स्पर्धेत वजन उचलायला पुन्हा चार मुली तयार केल्यात. त्यातली एक आपल्याच गावची, कागदावर पंधराची, दिसायला तेराची. तुझ्या पाठीचं झालं ते तिचं होऊ नये म्हणून तू तक्रार केलीस. समिती म्हणते, बाई, २०१० साली तुम्ही कागदावर सतराच्या होतात, मग लहान वयात वजन उचलायला लावलं ही तक्रार कशी ऐकायची? तुझं खरं वय सिद्ध झालं, तरच तुझा शब्द चालेल. बरोबर आहे. देतो की कागद. मुलीची तारीख बापाला ठाऊक नसेल तर कोणाला असणार?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. खोटी तारीख मी लावली. आपल्या गावात अर्धी माणसं एक जूनची आहेत, हे तुला मी सांगायला नको. घरात जन्म, नोंद कुठं नाही, आई सांगणार 'विहीर आटली त्या साली', आणि मास्तर दाखल-खारीज रजिस्टरात लिहिणार, १ जून. त्यानं कोणाचं वाईट झालं? पोस्टमन झाले, फौजदार झाले, सगळे एकाच दिवशी रिटायर होतात एवढंच. १९९९च्या जूनमध्ये शाळेचा पट तीन नावांनी कमी भरत होता. पट कमी म्हणजे दोन शिक्षकांतला एक अतिरिक्त, आणि मग एकट्या मास्तरनं चार वर्ग हाकायचे. वस्तीवरची शाळा ती, कशी टिकली असती? मी तीन लहान पोरं गोळा केली, दोन-दोन वर्षं वाढवून पहिलीत बसवली. तिसरी तू. १ जून १९९३. वर्गात झोपायचीस, मी माझा पंचा अंथरून द्यायचो. शाळा टिकली, त्या शाळेतून पुढे डॉक्टरसुद्धा झाला एक. याला गुन्हा म्हणायचं असेल तर म्हण.

खऱ्या तारखेचं सविस्तर पुढच्या पत्रात लिहितो. इथं धम्माच्या इराच्या पहिलीच्या प्रवेशाची धावपळ चालू आहे, धम्माला कागद चाळायला टेबल लागतं.

यादवराव

१३ ऑगस्ट २०१६

स्नेहल,

तुझं उत्तर मिळालं. 'तारीख लिहा.' शाळेत तुला मोजकं लिहायला मीच शिकवलं, कोणाला दोष देऊ?

लिहितो. पण आज सकाळी जे झालं ते आधी सांगू दे, नाहीतर हात चालणार नाही.

ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरात मी कॉफी घेत बसलो होतो. एकदम सगळं टॅम्पिनीस ओरडलं. टीव्हीवर रिओची ऑलिंपिक चालू होती, इथल्या एका पोरानं पोहण्यात सुवर्ण मिळवलं, या देशाचं पहिलंच. शेजारचा म्हातारा चिनी माझा हात धरून रडायला लागला. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी नाही. मी हात सोडवून घेतला आणि वर निघून आलो. इरा म्हणाली, "आजोबा, यू नॉट हॅपी, मेह?" मी तिला सांगितलं, डोकं दुखतंय.

सहा वर्षांपूर्वी याच महिन्यात मी याच जागी बसून सगळ्यांना पेढे वाटत होतो. पहिलीवहिली युवा ऑलिंपिक, ती सिंगापुरात, आणि माझी पोर भारताच्या संघात. इरा तीन महिन्यांची होती, सूनबाईच्या बाळंतपणासाठी तुझी आई आणि मी इथं आलेलोच होतो. मला वाटलं, योग म्हणतात तो हाच. भेटेल त्या मराठी माणसाला मी थांबवून सांगायचो. पुण्याकडचे एक मॅनेजर होते, ते लिफ्टमध्ये मला बघितलं की मोबाईल कानाला लावायचे. रोजचा पेपर कापून ठेवायचो. आपल्या संघाला रौप्यपदकं मिळत होती, ब्राँझ मिळत होती, सुवर्ण काही येत नव्हतं. तुझी आई म्हणायची, पोरं एवढ्या लांब आलीत, खेळतायत, खूप झालं. मला ते खूप नव्हतं. सुवर्ण आपल्या घरातून जाणार, असं मला वाटत होतं. वाटत कसलं होतं, खात्रीच होती.

तोआ पायोचा तो हॉल. पहिल्या प्रकारात तू तिन्ही वेळा वजन उचललंस. माझ्या मागं बसलेलं एक पंजाबी कुटुंब झेंडा हलवत होतं. मग दुसरा प्रकार. बार खांद्यावर घेतलास, थांबलीस, तोंड पांढरं पडलं होतं. डोक्यावर नेलास. हात सरळ झाले. मी टाळी वाजवायला हात वर केले आणि तुझी कंबर एका बाजूला गेली. बार मागं पडला आणि तू पुढं. ओरडली नाहीस. पडल्या पडल्या मान वळवून एवढ्या गर्दीत मला बरोबर शोधलंस. मी खाली बघितलं.

निकालाच्या तक्त्यात तुझ्या नावापुढं आकडा नव्हता. संघाला निरोप देताना, सत्कारात, फोटोत, कुठंच तू नव्हतीस. दोन ऑपरेशनं झाली. आता डावा पाय ओढतो, तासभर सलग बसवत नाही, म्हणून सेतू केंद्रात उभी राहून लोकांचे फॉर्म भरतेस. हे सगळं मला ठाऊक आहे. धम्मा सांगत नाही, मी सूनबाईकडून काढून घेतो.

तारीख राहिलीच. लिहितो.

यादवराव

१७ ऑगस्ट २०१६

स्नेहल,

काल रात्री जेवताना धम्मानं मला धरलं. तुला ठाऊक आहे, तो आवाज चढवत नाही. ताट बाजूला सारून म्हणाला, दोन पत्रं लिहिलीत, सहा पानं झाली, तारीख नाही आणि नोव्हेनाच्या दवाखान्याचंही काही नाही. मी म्हटलं, नोव्हेनाचं तिला ठाऊक आहे, ती तिथंच होती. तो म्हणाला, "समिती नव्हती ना. तेव्हा तुमचं खोटं मी इंग्रजीत करून दिलं, बाबा. सहा वर्षं मला झोप नाही. आता खरं तुम्ही मराठीत लिहा, मी हात लावणार नाही."

सूनबाई इराला घेऊन खोलीत गेली. मी आमटीत पोळी कुस्करत बसलो.

तर लिहितो, समितीला दाखवता येईल असं लिहितो.

स्पर्धेच्या चार दिवस आधी सरावात तू कंबर धरून बसलीस. मनगटही सुजलं होतं. अठराच्या आतली मुलगी, पालक सिंगापुरातच आहेत, म्हणून तपासणीच्या कागदांवर सही करायला मला नोव्हेनाच्या एका दवाखान्यात बोलावलं. धम्मा रजा काढून आला. डॉक्टरीण वयस्कर चिनी बाई होती, शांत. तिनं कॉम्प्युटरवर तुझ्या मनगटाचा फोटो दाखवला. म्हणाली, हाडांच्या टोकांशी अजून फट दिसते, हे हाड वाढतंय, मला ही मुलगी पंधराच्या आसपास वाटते. कागदावर सतरा आहे. दोन्ही होऊ शकतं, मुलींचं पुढंमागं होतं, म्हणून विचारते. तारीख बरोबर आहे ना? वय कमी असेल तर या पाठीनं मी तिला वजन उचलू देणार नाही.

धम्मानं मला मराठीत सांगितलं. तू पलंगावर बसली होतीस. तू म्हणालीस, "बाबा, सांगा ना. मला खूप दुखतंय."

मनोहर सर दाराशी उभे होते. त्यांना तुझं खरं वय मी त्याच्या दोन वर्षं आधीच, तुला त्यांच्या हाती देताना सांगितलं होतं. तेव्हा ते हसून म्हणाले होते, मास्तर, कागदावर बसतेय ना, मग झालं. हेही समितीला दाखव. त्या दिवशी मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजच पडली नाही.

मी म्हणालो, "एक जून, एकोणीसशे त्र्याण्णव." फळ्यावर लिहून द्यावं तसं खणखणीत. धम्मा माझ्याकडे बघत राहिला, मग डॉक्टरीणबाईला म्हणाला, यस, सेव्हन्टीन. तिनं लिहून घेतलं. चार दिवस आराम, पट्टा बांधून खेळ, दुखलं तर ताबडतोब थांब, असं तिनं सांगितलं. घरी येऊन मी तुझ्या आईला सांगितलं, डॉक्टर हो म्हणाली. आई बिचारी खूश झाली.

आणि लिहायलाच बसलो आहे तर शाळेचंही पुरं लिहितो. १९९९ला पट कमी पडला असता तर अतिरिक्त ठरणारा मी होतो. दुसरे गुरुजी मला सीनियर होते. माझी बदली डोंगरातल्या तालुक्यात झाली असती. शाळा टिकावी असं मला वाटत होतं, हे खोटं नाही. पण बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून ते तीन आकडे लिहिताना माझ्या डोळ्यापुढं शाळा नव्हती, बदलीचा कागद होता.

यादवराव

२० ऑगस्ट २०१६

स्नेहल बाळा,

तुझा निरोप वाचला. नोव्हेनाबद्दल एक शब्द नाही. फक्त एवढंच: 'आई म्हणायची, खरी तारीख बाबांच्या डायरीत लिहिलेली आहे. त्या पानाचा फोटो मागवा.'

मी मागवला. मागवण्याआधीच मला ठाऊक होतं, तरी मागवला. वेडी आशा म्हण.

घराची किल्ली सुबोधकडे असते. माझा विद्यार्थी, आता माझ्याच खुर्चीत बसून तीच शाळा चालवतो. परवा शाळा सुटल्यावर त्यानं लोखंडी कपाटातून १९९५ची डायरी काढली आणि पानापानाचा फोटो पाठवला. धम्मानं ते टॅबवर मोठे करून दिले. काल दिवसभर मी तेच वाचत होतो. हजेरी किती, गैरहजर कोण, विस्तार अधिकारी आले, चहापाणी कोणी केलं, फळ्याला रंग दिला, स्वातंत्र्यदिनाला पाऊस असल्यामुळे भाषण वर्गात. वर्षभराची पानं. त्यात तू नाहीस. 'शांता माहेरी' असं एका पानावर आहे, आणि पुढं कितीतरी पानांनंतर 'शांता आली'. मधल्या काळात तू जन्मलीस. माझ्या दोन ओळींच्या मधे.

मला तुझी जन्मतारीख माहीत नाही, स्नेहल.

हेच पंधरा दिवस लपवत होतो. तुला वाटलं असेल, पेन्शन जाण्याच्या भीतीनं टाळतोय. वाटू दिलं, कारण ते बरं दिसत होतं. तू आजोळी झालीस, निरोप आला तेव्हा मी तालुक्याला कसल्याशा बैठकीत होतो. महिनाभरानं तुला बघायला आलो. ग्रामपंचायतीत नोंद मामा करेल असं मला वाटलं, मी करेन असं मामाला वाटलं. मामाही आता नाही. आणि बाप रोज लिहितो, त्यानं ही मोठी गोष्ट लिहिली असणारच, असं तुझी आई धरून चालली. तिनं माझ्यावर टाकलेला तो विश्वास. मी लायक नव्हतो.

आपल्याकडे वाढदिवस कुठं करायचे, असं लिहिणार होतो. पण सुबोधनं चुकून दुसऱ्याही एका डायरीचं पान पाठवलं. १८ फेब्रुवारी १९८३, शुक्रवार, सकाळी सव्वासहा, मुलगा झाला. लाल शाईनं. त्याखाली दोन रेघा. ते पान बघायची मला गरज नव्हती, धम्माची तारीख मला पाठ आहे. धम्मानं टॅब माझ्या हातातून घेतला आणि बंद केला.

परवा इराच्या शाळेच्या कागदांत तिचा जन्मदाखला होता. त्यावर मिनिटसुद्धा आहे. मी तो दाखला उगाच दोनदा वाचला.

तुला काही आठवतं का? आई कधी रागात, थट्टेत बोलून गेली असेल, की तू झालीस तेव्हा शेंगा काढत होते, थंडी होती, अमुक सण होता. असेल तर कळव. बापानं मुलीला विचारायची ही गोष्ट नव्हे, पण आता दुसरं कोणी उरलं नाही.

तुझा बाप

२३ ऑगस्ट २०१६

स्नेहल,

तुझं उत्तर नाही आलं. तुलाही आठवत नसेल, किंवा लिहावंसं वाटत नसेल. दोन्ही मला मान्य आहे.

आज धम्मा मला शहरातल्या एका नोटरीकडे घेऊन गेला. मजकूर मीच मराठीत लिहून नेला होता: जन्म १९९५ सालचा, १९९९ला खोटी तारीख मी लावली, पोरीनं नोव्हेनाला खरं सांगा म्हटलं असताना मी पुन्हा खोटं सांगितलं, मनोहर सरांना खरं वय ठाऊक होतं. तिथला तमिळ कारकून भला माणूस होता. जन्मतारखेची जागा कोरी बघून हिंदीत म्हणाला, अंकल, ऐसे कैसे चलेगा, अंदाज से कुछ डाल दीजिए. धम्मानं माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यभर अंदाजानंच टाकत आलो, किती पोरांना टाकल्या. या वेळी हात धजला नाही. मी तिथं लिहिलं: माहीत नाही. मी वडील असूनही माहीत नाही. खाली सही केली. कुरियर परवापर्यंत तुझ्याकडे पोचेल.

पण खोटी आशा देत नाही. धम्मानं इथून समितीच्या कारकुनाशी फोनवर बोलून घेतलं. तो म्हणाला, कागद फाईलला लावू, पण दुसरी तारीखच नसेल तर शाळेच्या रजिस्टरात आहे तीच धरावी लागते. म्हणजे सरकारदरबारी तू २०१०ला सतराचीच होतीस. मी लिहिलेलं खोडायला आता माझी सहीसुद्धा पुरत नाही. मनोहर सर तुझ्या बाबतीत सुटतील. माफी कोणत्या तोंडानं मागू? मागतो तरी. माझं चुकलं, पोरी. दोनदा चुकलं, आणि दुसऱ्यांदा तू समोर बसून सांगत होतीस.

संध्याकाळी सुबोधला फोन केला. विचारलं, मनोहर सरांकडची ती आपल्या गावची मुलगी, तिला एक जून कोणी लावला? तो म्हणाला, "सर, पट कमी भरत होता." त्यानं हे माझ्याच शाळेत, माझ्याच हाताखाली शिकलेलं. मी म्हटलं, तिची आई हयात आहे ना, आत्ता उठ आणि विचारून ये. तो म्हणाला, नोकरी जाईल, सर. मी म्हटलं, जाईलही. मला बोलायला सोपं आहे, माझी पेन्शन चालू आहे. तरी जा.

तासाभरानं त्याचा फोन आला. बाईला विचार करावा लागला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दिवेलागणीला. पत्र्याच्या पेटीतून तिनं नर्सबाईंनी दिलेलं लसीचं कार्डही काढून दिलं. २८ ऑगस्ट २००३. तेरासुद्धा नाही झालेली, येत्या रविवारी होतील. सुबोध कार्ड घेऊन २६ला समितीपुढं येतोय, रजिस्टर मीच चुकीचं भरलं असं लेखी देणार आहे. तू त्याच्याशी बोल, तो घाबरलाय. ती मुलगी वाचेल असं वाटतं.

विचारायला त्याला एक तास लागला, स्नेहल. तुझी आई तू पडल्यावर तीन वर्षं जगली, रोज माझं ताट वाढत होती, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही.

बाबा